नक्कल न मिळणारा हुकूम

आंतरजालावरील अपायकारक मजकुराला सरकारने बिनदिक्कत कात्री लावावी, असे म्हणणारा एक मोठा आणि प्रतिष्ठित वर्ग आपल्याकडे आहे. त्यात निवृत्त सनदी अधिकारी आहेत, मुलांच्या हातातील मोबाइलने धास्तावलेले पालक आहेत, थोडे संपादकही आहेत. आणि 24 सप्टेंबर 2025 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ‘एक्स’ या कंपनीची सरकारविरुद्धची याचिका फेटाळून, समाजमाध्यमांचे नियमन अपरिहार्य आहे असा निर्वाळा दिल्यापासून, वाद आता मिटलाच, अशा प्रकारची निश्चिंती या वर्गाच्या बोलण्यात दिसू लागली आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : विषारी मजकूर समाजात पसरू देणे हा अपराध आहे, तो थांबवणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, कर्तव्य बजावायचे तर अधिकार लागतो, आणि हा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा ते सरकार लोकांनीच निवडलेले असल्यामुळे त्याच्याविषयी संशय बाळगणे म्हणजे लोकांविषयीच संशय बाळगणे होय.

यातील पहिली तीन विधाने मी वाद न घालता मान्य करतो. राज्याला मनाईचा अधिकारच नसावा असे मानणारे पंडित असतील, परंतु मी त्यांच्यापैकी नाही. घटनेच्या 19व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदाने, देशाचे सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रू, गुन्ह्याला चिथावणी इत्यादी मोजक्या कारणांसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही दिली, हे विसरून केलेला स्वातंत्र्याचा जयघोष मला पोकळ वाटतो. माझा आक्षेप अधिकाराला नसून तो आज ज्या रीतीने वापरला जातो त्या रीतीला आहे, आणि त्या रीतीचे मर्म गुप्तता हे आहे. मनाईची तरफदारी करणारे हे सद्गृहस्थ, आपण मनाईबरोबर गुप्ततेचीही तरफदारी करीत आहोत, हे बहुधा जाणत नाहीत. जाणत असले तर त्याविषयी ते मौन पाळतात, आणि त्या मौनाचा भंग करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या पक्षाचा सर्वांत प्रबळ पुरावा महाराष्ट्रातलाच असून तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1 जुलै 2018 रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावी आठवड्याचा बाजार भरला असता, मंगळवेढ्याकडून पोटामागे फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी ती हीच, अशा समजुतीने जमावाने घेरले, मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि तेथेच ठार केले. ज्यांच्या घराण्यात गावोगाव हिंडून भिक्षा मागण्याची चाल पिढ्यान् पिढ्यांची, ज्यांचा डौर ऐकून आयाबाया सुपात धान्य घेऊन दाराशी येत, त्यांना एका खोट्या वार्तेने मुले पळवणारे ठरवले, आणि ती वार्ता व्हॉट्सअॅपवरून मोबाइलमागून मोबाइल ओलांडीत तेथवर पोचली होती. शब्दाने माणूस मरत नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा राईनपाड्याची हकिकत वाचावी.

परंतु पुराव्याची उलटतपासणी व्हायला हवी. ज्या अधिकाराची तरफदारी चालली आहे, तो माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 69-अ खालचा, सरकारपाशी ऑक्टोबर 2009 पासून होता, म्हणजे या हत्याकांडापूर्वी जवळजवळ नऊ वर्षे होता. त्याने त्या पाच जणांपैकी एकाचाही जीव वाचला नाही, आणि वाचण्याजोगा तो नव्हताही, कारण खाजगी गटांतून कूटबद्ध स्वरूपात फिरणाऱ्या निरोपाला असा पत्ताच नसतो की ज्यावर दिल्लीतील एखाद्या समितीने मोहोर उठवावी. तेथे गरज होती ती उलट प्रकारच्या गोष्टीची : ही अफवा खोटी आहे, अमुक ठाण्यात चौकशी झाली, तमुक गावी काही घडलेले नाही, हे पोलीसपाटलाने, शाळेच्या गुरुजींनी, एस.टी.च्या थांब्यावर चिकटवलेल्या कागदाने, गावकऱ्यांच्या स्वतःच्या बोलीत, वेळेवर आणि वारंवार सांगण्याची. अफवा जेथे फोफावते तेथे माहितीचा सुकाळ झालेला नसतो. विश्वासार्ह माहितीचा दुष्काळ पडलेला असतो. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅप कंपनीने एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये अशी मर्यादा भारतात घातली. हा निर्बंध जाहीर होता, सर्वांना सारखा होता, आणि कोणी काय म्हणावे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. अपाय रोखण्याचे असे उपाय अनेक आहेत. त्यांच्या आड गुप्त मनाईहुकमाने लपण्याचे कारण नाही.

गुप्ततेने काय घडते याचा दाखला त्याआधीच, ऑगस्ट 2012 मध्ये, पुण्याने व बंगळूरने पाहिला होता. आसामातील दंगलींनंतर ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले होणार अशी आवई उठली आणि हजारो विद्यार्थी व नोकरदार आगगाड्या भरभरून घरची वाट धरू लागले. सरकारने मोबाइलवरून दिवसाला पाचांहून अधिक संदेश पाठवण्यास तात्पुरती मनाई केली आणि चार दिवसांत सुमारे 300 पाने व खाती बंद करण्याचे हुकूम सोडले. प्रसंग खरोखर बिकट होता, हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते, आणि तरीही बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने जेव्हा ती यादी तपासली तेव्हा असे आढळले की, अफवा पसरवणाऱ्या पानांबरोबर त्या अफवांचे खंडन करणारी पानेही तीत होती. आगीबरोबर बंबही जप्त झाला होता! मात्र हे उमगले ते सरकारने यादी प्रसिद्ध केली म्हणून नव्हे, ती बाहेर फुटली म्हणून. फुटली नसती तर ती चूक आजही एखाद्या दप्तरात राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने सुखरूप पडून राहिली असती.

या दप्तराची व्यवस्था कशी आहे, हे मनाईच्या कैवाऱ्यांनी एकदा बारकाईने पाहावे. 2009 च्या नियमांप्रमाणे केंद्रातील सहसचिवाच्या दर्जाचा एक अधिकारी निरनिराळ्या खात्यांकडून आलेल्या मागण्या घेतो. विधी, गृह, माहिती व नभोवाणी या खात्यांचे आणि संगणकसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचे प्रतिनिधी असलेल्या समितीपुढे त्या ठेवतो. मजकुराच्या कर्त्याला शोधून 48 तासांची नोटीस द्यावी असे नियम म्हणतो खरे, पण कर्त्याऐवजी मजकूर ठेवणाऱ्या कंपनीला नोटीस दिली की काम भागले असे मानण्याची चाल पडून गेली आहे. निकड असेल तर आधी बंदी आणि 48 तासांत समितीपुढे कागद, अशीही तरतूद आहे. या सर्वांवर देखरेख करणारी दुसरी समिती दोन महिन्यांतून निदान एकदा भरते. तीत बसतात तेही सचिवच, न्यायाधीश तीत एकही नाही. आणि या इमारतीच्या दाराला जे कुलूप आहे त्याचे नाव नियम 16 : आलेल्या तक्रारी आणि त्यांवर झालेली कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळली जाईल.

आता या कुलुपाची गंमत पाहा. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात त्याच अधिनियमाचे कलम 66-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या खटल्याला निमित्त झाली होती ती पालघरची घटना : नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शवली, आणि पोलिसांनी दोघींनाही अटक केली. (अपायकारक मजकूर म्हणजे काय, हे ठरवण्याचे काम ठाणे अंमलदाराच्या हाती पडले की त्या कल्पनेचे क्षेत्र किती ऐसपैस होते, याचे हे प्रात्यक्षिक तेव्हाही पुरेसे बोलके होते.) परंतु त्याच निकालपत्रात न्यायालयाने 69-अ मात्र कायम ठेवले, आणि ते ज्या कारणांसाठी कायम ठेवले त्यांपैकी एक महत्त्वाचे कारण असे की, या कलमाखालील हुकमात कारणे लेखी नमूद करावी लागतात, म्हणून ज्याला हुकूम अन्यायाचा वाटेल त्याला 226व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात जाऊन त्या कारणांना आव्हान देता येईल. युक्तिवाद निर्दोष आहे. अडचण एवढीच की, आव्हान द्यायचे तर हुकमाची नक्कल हाती हवी, आणि नक्कल मागायला गेले की नियम 16 आडवा येतो. कारणे लिहिली जातात, पण ज्याच्याविरुद्ध लिहिली त्याला दाखवली जात नाहीत. दाद मागण्याचा हक्क आहे, पण कशाविरुद्ध दाद मागायची ते सांगितले जात नाही. ज्या गोष्टीच्या आधारावर कायदा वैध ठरला तीच गोष्ट त्या कायद्याखालच्या नियमाने निरुपयोगी करून ठेवावी, हा प्रकार कायद्याच्या इतिहासातही विरळाच म्हणावा लागेल.

हे केवळ तार्किक कूट नाही. एका पत्रकाराने 2011 मध्ये हुंड्याची टर उडवणारे एक संकेतस्थळ काढले होते. वराची जात, शिक्षण, नोकरी, पगार अशी माहिती भरली की त्याचा बाजारभाव ते हिशेब करून सांगे. आगरकरांच्या काळापासून समाजसुधारकांनी ज्या रूढीवर शस्त्र धरले तिच्यावरच हा उपहासाचा आसूड होता. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत जे कुजबुजत बोलले जाते ते येथे यंत्राने निर्लज्जपणे आकडा मांडून बोलून दाखवले, एवढाच त्याचा अपराध. 2018 मध्ये हे संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले. उपहास ज्याला कळला नाही असा कोणी अधिकारी सरकारात असावा, यात नवल नाही. अशा अधिकाऱ्याची चूक दुरुस्त व्हावी म्हणूनच तर जगात अपील नावाची संस्था निर्माण झाली. परंतु हुकमाची प्रत मिळेना, सुनावणी होईना, आणि अखेर मे 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, कर्त्याला हुकमाची प्रत द्या आणि त्याचे म्हणणे ऐका, असे सरकारला फर्मावले. आपल्या मजकुराचा दोष काय, हे नुसते समजून घेण्यासाठी एका नागरिकाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्याच्यापाशी वकील, वेळ आणि चिकाटी यांपैकी एकही वस्तू नाही त्याने काय करावे?

यानंतर ‘आनंद विकटन’चे उदाहरण येते. 1926 मध्ये निघालेले हे तमिळ साप्ताहिक तमिळनाडूच्या घराघरांत परिचित आहे. अमेरिकेने भारतीय नागरिकांना बेड्या घालून परत धाडले त्या सुमारास, फेब्रुवारी 2025 मध्ये, पंतप्रधान मोदी हे ट्रम्प यांच्याशेजारी साखळदंडात बसले आहेत असे एक व्यंगचित्र विकटनच्या प्रकाशनात आले, आणि एका चित्रापायी अवघे संकेतस्थळ बंद पडले. संकेतस्थळ बंद झाले आधी आणि सरकारची नोटीस आली मागून. 6 मार्चला मद्रास उच्च न्यायालयाने, ते चित्र तूर्त काढून ठेवावे आणि संकेतस्थळ खुले करावे, असा आदेश दिला. व्यंगचित्र चांगले होते की वाईट, हा येथे प्रश्नच नाही. एका पानाच्या दोषासाठी शतकाच्या उंबरठ्यावर आलेल्या नियतकालिकाचे दार ठोठावण्याचीही गरज न वाटता ते बाहेरून बंद करता येते, ही सवय कोठून आली, हा प्रश्न आहे.

ती इंग्रजांकडून आली, असे चटकन म्हटले जाते. पण ते पूर्ण खरे नाही, आणि इंग्रजांना त्यांचे देणे चुकते करावे एवढी निष्पक्षता आपल्या अंगी असली पाहिजे. व्हाइसरॉय लिटनच्या 1878 च्या देशी वृत्तपत्रांच्या कायद्याने मॅजिस्ट्रेटचा शब्द अखेरचा ठरवला, त्यावर न्यायालयात अपील ठेवले नाही. आजच्या गुप्त समितीला पूर्वज शोधायचाच असेल तर तो हा. पण तो कायदा रिपनच्या कारकिर्दीत गेला, आणि पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या कलम 99-अ ने आक्षेपार्ह ग्रंथ सरकारजमा करण्याचा अधिकार दिला तेव्हा, हुकूम गॅझेटात छापला पाहिजे, त्यात कारणे दिली पाहिजेत, आणि त्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात अर्ज करण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे, अशी तजवीज परक्या सरकारलाही करावी लागली. अर्जावर विचार करायचा तो एका नव्हे, तीन न्यायाधीशांनी. स्वतंत्र भारताने 1973 च्या संहितेत कलम 95 व 96 म्हणून हीच व्यवस्था ठेवली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती टिकून आहे.

या व्यवस्थेचा उपयोग काय, ते महाराष्ट्राने जेम्स लेन प्रकरणात पाहिले. शिवछत्रपतींवरील त्या ग्रंथात जिजाऊसाहेबांविषयी आलेला मजकूर मराठी मनाला जखम करणारा होता. 5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला मात्र ज्ञानावर घातलेला घाला होता, आणि या दोन्ही गोष्टी एका दमात मान्य करण्याची ताकद आपल्यांतल्या पुष्कळांना तेव्हा झाली नाही. राज्य सरकारने ग्रंथावर बंदी घातली. ती बंदी छापील अधिसूचनेने घातली गेली, तीत कारणे होती, म्हणूनच त्या कारणांचा कस न्यायालयाला लावता आला : कोणत्या दोन समाजगटांत या लेखनाने वैर माजणार, हे अधिसूचना दाखवू शकली नाही, आणि 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती रद्द केली, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. निकाल कोणाला पटला, कोणाला पटला नाही. पण सरकार काय म्हणाले, अर्जदार काय म्हणाले आणि न्यायालय काय म्हणाले, हे तिन्ही आज कोणाही विद्यार्थ्याला वाचता येते. तोच मजकूर उद्या संकेतस्थळावर आला, तर यांपैकी एकही कागद त्या विद्यार्थ्याच्या हाती पडणार नाही. कागदावर छापलेल्या शब्दाला तीन न्यायमूर्तींचे पीठ, आणि पडद्यावर उमटलेल्या त्याच शब्दाला बंद दाराआडची समिती, या भेदाचे समर्थन मला आजवर कोणाच्याही तोंडून ऐकायला मिळालेले नाही.

टिळकांचा 1908 चा खटला आठवावा. 12 मे व 9 जून यांच्या ‘केसरी’तील लेखांसाठी तो भरला गेला, ते लेख न्यायालयात वाचले गेले, त्यांच्या भाषांतरावर वाद झाला, टिळकांनी स्वतःच्या बचावाचे भाषण 21 तासांहून अधिक वेळ केले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन हिंदी. निकालही सात विरुद्ध दोन असा लागला, आणि शिक्षा सुनावली ती त्याच न्यायमूर्ती दावरांनी, ज्यांनी 1897 च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती. अन्याय उघड होता. पण ‘उघड’ या गोष्टीलाही मोल आहे : तो अन्याय सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला म्हणून मुंबईच्या गिरण्यांतील कामगार सहा दिवस बाहेर राहिले, आणि म्हणूनच पुढच्या पिढ्यांना त्या निकालाचा निकाल लावता आला. आणीबाणीतही, ज्या काळाची बरोबरी आपण कशाशीच करू इच्छित नाही त्या काळातही, मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातील लेख सेन्सॉरने अडवले तेव्हा अडवणारा अधिकारी कोण आणि त्याने अडवले काय, हे मसानींना ठाऊक होते; म्हणून ते न्यायालयात गेले, आणि 10 फेब्रुवारी 1976 रोजी न्यायमूर्ती मादन व कानिया यांनी, सर्व पत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, अशा आशयाचा निकाल दिला. आज मसानी असते तर त्यांना लेख गायब झालेला दिसला असता. सेन्सॉर दिसला नसता.

यावर विरोधी पक्षाची दोन-तीन प्रत्युत्तरे ठरलेली आहेत. पहिले असे की, आंतरजालाचा वेग छापखान्याचा नाही, तीन न्यायमूर्ती बसेपर्यंत गाव पेटून जाईल. वेगाची गोष्ट खरी, पण वेगासाठी गुप्तता कशाला? निकडीच्या प्रसंगी आधी बंद करा, ही मुभा नियमांत आहेच; बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी कारण छापल्याने विझलेले गाव पुन्हा पेटत नाही. दुसरे प्रत्युत्तर अधिक विचारार्ह आहे : बंदी घातलेल्या पानांचे पत्ते छापणे म्हणजे त्यांची जाहिरातच करणे नव्हे काय? लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे, बॉम्ब बनवण्याच्या कृती यांच्याबाबतीत हे अगदी खरे आहे, आणि त्यांचे पत्ते छापा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तेथे वर्ग आणि संख्या सांगितली की पुरे. पण या घृणास्पद मजकुराची ढाल पुढे करून तिच्याआड व्यंगचित्र, उपहास आणि वार्ताहराचे खाते ठेवायचे, ही युक्ती आहे, युक्तिवाद नव्हे. मे 2025 मध्ये, सीमेवर संघर्ष चालू असता, 8000 खाती बंद करण्याचे हुकूम आल्याचे ‘एक्स’ने जाहीर केले आणि पुष्कळ खात्यांच्या बाबतीत कोणता मजकूर आक्षेपार्ह तेही सांगितले गेले नसल्याची तक्रार केली. युद्धप्रसंगी राज्याला जास्त मोकळीक द्यावी हे मी जाणतो. ती मोकळीक प्रसंग सरल्यावर हिशेब देण्यापासूनची मोकळीक असू शकत नाही.

तिसरे प्रत्युत्तर परकीय कंपन्यांविषयीचे आहे, आणि ते टाळ्या मिळवणारे आहे : कॅलिफोर्नियातल्या धनिकांनी आमच्या देशात काय दिसावे ते ठरवायचे काय? अर्थातच नाही. या कंपन्या साधुसंत नाहीत, त्यांच्या नफ्याचे गणित संतापावर चालते, हे मला कोणी शिकवायला नको. परंतु सरकार आणि कंपनी यांची ही झुंज दाखवतात तेवढी खरी नसते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे सरकारने कळवल्यावरही मजकूर ठेवला तर कंपनीचे कायदेशीर संरक्षण जाते. 2021 च्या नियमांनी त्यासाठी 36 तासांची मुदत घातली. आणि ऑक्टोबर 2024 पासून गृहखात्याच्या ‘सहयोग’ या पोर्टलवरून अशा सूचना धाडण्याची सोय झाली. कोणा एका लेखकाच्या मजकुरासाठी आपले सगळे संरक्षण पणाला लावण्याची हौस कोणत्या व्यापाऱ्याला असेल? तो मजकूर काढतो आणि मोकळा होतो. ऑक्टोबर 2025 मध्ये या नियमांत दुरुस्ती होऊन सूचना देणारा अधिकारी वरिष्ठ हवा आणि सूचनेत कारणे हवीत असे ठरले, ही चांगली गोष्ट झाली. पण ती कारणे जातात कंपनीकडे. ज्याने लिहिले तो आणि ज्याला वाचायचे होते तो, या दोघांना कोणीही काहीही कळवत नाही. आणि कर्नाटकच्या निकालात 19व्या अनुच्छेदाचे हक्क नागरिकांचे आहेत, परकीय कंपनीचे नव्हेत, असे जे म्हटले आहे ते मान्य करायचे तर, नागरिकाला पक्षकार करण्याची निकड दुणावते, कमी होत नाही.

राहिले ते निवडून आलेल्या सरकारवरील विश्वासाचे चौथे विधान, जे मी सुरुवातीला मान्य केले नव्हते. केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा, हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच एका कक्षाला देणारी दुरुस्ती 2021 च्या नियमांत 2023 मध्ये झाली होती. विनोदी कलावंत कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे 31 जानेवारी 2024 रोजी मतभेद झाले, आणि 20 सप्टेंबर 2024 रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. फिर्यादीनेच पंच व्हावे, या प्रकाराला तेथे पायबंद बसला. निवडणुकीने सरकारला राज्य करण्याचा अधिकार मिळतो. स्वतःविषयीच्या सत्याचा मक्ता मिळत नाही. आणि मतदाराने पाच वर्षांनी सरकारचा हिशेब करावा अशी अपेक्षा असेल, तर मधल्या पाच वर्षांत त्याला काय वाचू दिले नाही, हेही त्या हिशेबात यायला नको काय?

ज्या राज्याने केंद्राच्या आधी, 2002 मध्ये, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, ज्याच्यासाठी अण्णा हजारे यांनी उपोषणे केली, त्या राज्यातील माणसांना हे समजावून सांगावे लागू नये. तहसील कचेरीतील रस्त्याच्या कामाचे बिल दहा रुपयांच्या अर्जावर पाहायला मिळते, पण आपण काय वाचू नये याची यादी मागितली तर सुरक्षेचे आणि नियम 16 चे कारण मिळते. म्हणून मागणी साधी आहे : नियम 16 रद्द करावा; प्रत्येक मनाईहुकूम कारणांसह राजपत्रात छापावा, घृणास्पद गुन्ह्यांच्या मजकुराचे पत्ते तेवढे वगळावेत; कर्त्याला हुकमाची प्रत न मागता मिळावी; आणि ग्रंथाला आहे तसाच तीन न्यायमूर्तींपुढे जाण्याचा मार्ग संकेतस्थळालाही मिळावा.

यावर सचिवालयातून उत्तर येईल की, हे व्यवहार्य नाही, कारण संख्या फार मोठी आहे. संख्या खरोखर मोठी आहे. संसदेत दिलेल्या उत्तरांप्रमाणे 2014 मध्ये 471 ठिकाणी बंदी घातली गेली होती, 2020 मध्ये 9849 ठिकाणी. म्हणजे दिवसाला सरासरी 27. देखरेख समिती नियमाप्रमाणे दोन महिन्यांतून एकदाच भरली असेल, तर त्या वर्षी तिच्या प्रत्येक बैठकीपुढे सुमारे 1640 प्रकरणे आली असली पाहिजेत, आणि सचिवमंडळी चहाही न घेता दहा तास बसली असे धरले तरी मिनिटाला जवळजवळ तीन. हुकूम छापायचे ठरले तर समितीचे काम वाढेल, हा आक्षेप मला मान्य आहे. निदान ते वाचावे तरी लागतील.